संघाचे नवे सभासद

पूल बंद झाला आणि गल्लीवर जणू कुणी झाकणच ठेवलं. पुलाला तडे गेले होते. दुरुस्ती कधी होणार ते कुणी सांगत नव्हतं, आणि पलीकडचं गिऱ्हाईक नव्या रस्त्यानं परस्पर मोठ्या बाजाराकडे वळत होतं. त्या रस्त्याच्या उंच वळणावरून गल्ली अख्खी दिसायची, पण ओस गल्लीत उतरतो कोण?

लहान मुलांच्या बुटांचं दुकान चालवणारी ती दिवसभर दारात बसून त्या वळणाकडे बघत राही. नवरा दूरच्या गावी नोकरीला. दुकान तिनं स्वतःच्या हट्टानं काढलेलं, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती. आत खोक्यांच्या आडोशाला तिची तीन वर्षांची लेक अखंड बडबडत असायची. सगळे तिला चिमणी म्हणत. तिचं तोंड म्हणजे गळका नळ, झोपेतसुद्धा थेंब थेंब चालूच.

व्यापारी संघाची बैठक लोखंडवाल्या काकांच्या मागच्या खोलीत भरली. काका संघाचे अध्यक्ष. खिळे, कड्या, कुलपं विकून विकून माणसाचा आवाजही तसाच खणखणीत झालेला. कापडवाला आधीच गाव सोडून गेला होता आणि जाताना दुकानातले पुतळे संघाला देऊन गेला होता. ते भिंतीशी ओळीनं उभे होते, उघडे, गुळगुळीत.

"गर्दी बघून गर्दी येते," काका म्हणाले. "वळणावरून गल्ली भरलेली दिसली पाहिजे. प्रत्येक दुकानात यातला एकेक उभा करायचा. आपले नवे सभासद समजा! वर्गणी बुडवत नाहीत, बैठकीत भांडत नाहीत."

"चहासुद्धा मागत नाहीत," शिंपीण मावशीनं जोड दिली.

सगळे हसले. गल्लीत बऱ्याच काळानं कुणी हसलं होतं.

मावशी उठून एका पुतळ्याच्या खांद्याला हात लावून बघायला लागली. "पण कोरे कपडे घालू नका रे बाबांनो. कोऱ्या कपड्यात पुतळा तो पुतळाच दिसतो. अंगावरचे द्या, कोपराशी ढिले पडलेले, गळ्याशी मळलेले. कापडाला माणसाची सवय लागली की ते बरोबर बसतं."

"आणि एकदा दिलेलं परत मागायचं नाही," काका म्हणाले. "एक दात पडला तरी अख्खं तोंड बोळकं दिसतं. तरायचं तर सगळ्यांनी मिळून."

तिच्या वाट्याला, बुटांच्या दुकानासाठी, लहान मुलीचा पुतळा आला. तिनं चिमणीचा पिवळा फ्रॉक घातला त्याला. कालच अंगातून काढलेला, धुवायचा राहिलेला. फ्रॉक असा बसला, की बटण लावताना तिनं नकळत पुतळ्याची हनुवटी वर केली, चिमणीची करायची तशी.

युक्ती लागू पडली. आधी वळणावर गाड्या थांबायला लागल्या, मग माणसं उतरून यायला लागली. काकांकडे कुलपं खपली, मावशीच्या मशीनला उसंत मिळेना. बुटांच्या दुकानात तर आया पोरांना घेऊन यायच्या, पुतळ्याच्या गालाला हात लावायच्या आणि "अगंबाई, मला वाटलं खरीच!" म्हणत दोन जोड जास्त घेऊन जायच्या. नवऱ्याला फोनवर सांगताना तिचा आवाज फुलून यायचा. संघानं हात दिला नसता तर आज खोकी बांधून निघावं लागलं असतं, हे ती दर वेळी सांगायची, आणि ते खरंच होतं.

एका दुपारी ती बिजागरी आणायला काकांकडे गेली. दारातल्या पुतळ्याची कॉलर मुडपलेली दिसली. काकांचाच जुना शर्ट. तिनं सहज कॉलर सरळ केली, खांद्यावरची धूळ झटकली आणि आत हाक मारली, "काका!"

"इथंच आहे की," कॉलर म्हणाली.

ती दचकून मागं सरली. काका हसलेही नाहीत. त्यांचे डोळे वळणाकडे लागलेले होते. "बरं वाटतं गं असं उभं राहिलं की. काही दुखत नाही. बिजागऱ्या त्या खालच्या कप्प्यात आहेत, तूच घे."

पुतळा आत होता, गल्ल्यामागे.

घरी जाताना तिनं मावशीच्या दुकानात डोकावलं. मावशी मशीनवर वाकलेली, पण चाक फिरत नव्हतं. "हात आखडलाय," ती मान न वळवता म्हणाली. "जाईल. वयच झालं."

वय चिमणीचं झालं नव्हतं. पण चिमणी गप्प झाली होती.

तिच्या हे ध्यानात आलं तेव्हा कधीपासून ते तिला आठवेना, आणि याचंच तिला जास्त भय वाटलं. आई असून कळू नये? पोर तापलेली नव्हती. डॉक्टरांनी कान, घसा, पोट सगळं तपासलं आणि म्हणाले, "बडबड कमी झाली तर तुम्ही काळजी करता, जास्त झाली तरी तुम्हीच. शांत मूल आहे." शांत! ती रोज झोपलेल्या चिमणीच्या नाकापुढे बोट धरायला लागली. श्वास लागायचा, पण बोट आधी होतं त्याहून जवळ न्यावं लागायचं.

दिवसा चिमणी पुतळ्याशेजारी जाऊन उभी राही. तसेच हात अंगालगत, तशीच हनुवटी वर. गिऱ्हाइकांना भारी कौतुक. "यातली खरी कुठली हो?" ते विचारत. तीही हसून बोट दाखवी. त्या दिवशी असंच एका बाईनं विचारलं, आणि तिचं बोट हवेत अडखळलं. क्षणभरच. पण अडखळलं.

तिनं हातातला बूट खाली ठेवला. भर बाजार, दुकानात माणसं. ती सरळ पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि फ्रॉकची बटणं काढायला लागली.

"अगं, काय करतेस?" समोरून मावशी आली, पाय न वाकवता, सरकत. मागोमाग काका. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आमची लेक बोलत नाही, मावशी."

"त्रास देत नाही म्हण," मावशी मायेनं म्हणाली. "किती गुणाची झालीय. तुझं दुकान बघ कसं चाललंय."

"तू एकटी नाहीस, पोरी," काका म्हणाले. "संघ आहे ना. आम्ही सांभाळतो तिला. पण फ्रॉक काढू नकोस. वळणावरून दिसतं सगळं."

तिनं शेवटचं बटण काढलं. फ्रॉक खांद्यावरून उतरला. पुतळ्याच्या मानेखाली बारीक लाल पुरळ होती, उन्हाळ्यात चिमणीला उठायची तशी घामोळी. तिच्या हाताला ती लागली, खरखरीत आणि कोमट.

"आई," मागून चिमणी म्हणाली, "थंडी वाजते."

चिमणीच्या अंगात तिचे कपडे होते, वर लोकरीचं जाकीट होतं. तरी तिचे दात वाजत होते. आईचा हात पुन्हा बटणाकडे गेला. क्षणभर वाटलं, फ्रॉक पुन्हा चढवावा, बटणं लावावीत आणि उद्यापर्यंत विचार करावा. काकांनी तोच क्षण ओळखून मान हलवली, "शहाणी आहेस."

तिनं फ्रॉक ओढून काढला. लोकरीवरूनच तो चिमणीच्या डोक्यातून खाली कोंबला. शिवण उसवली, बाही अडकली, पोरीचा कान दुमडला.

चिमणीनं भोकाड पसरलं.

तिनं तशीच पोर कडेवर उचलली आणि बाहेर पडली. गल्ला, खोकी, उघडं दार, सगळं मागं टाकून. गल्ली भरलेली होती. दुकानादुकानात माणसं होती, दारात होती, रस्त्यावर होती. एवढं पोर रडत होतं, पण एकाचीही मान वळली नाही. यांतली आलेली कोण आणि ठेवलेली कोण, तिला सांगता येईना. तिनं कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

मागून काकांचा आवाज आला, तसाच मायाळू. "जाऊ दे तिला. दमलीय बिचारी. दुकान उघडंच राहू दे रे, आपण बघू." मग मावशीचा, "तिचा स्वतःचा स्वेटर राहिलाय खुर्चीवर. बरा वापरलेला आहे."

तिचे गुडघे एकदम जड झाले. वळून स्वेटर हिसकावून घ्यावा असं तिला फार वाटलं. पण वळायचं म्हणजे थांबायचं.

"रड," ती चिमणीच्या कानाशी म्हणाली आणि चढाला लागली. "रड गं बाई माझी. मोठ्यानं रड. थांबू नकोस."