पहिली बाग कोणाची

आमच्या पुनमचा सत्कार होता आणि तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ अमृत, सगळ्यात मागे खांबाआड बसला होता. स्वतःच्या पोरीच्या सत्काराला बाप चोरासारखा! मी दोनदा खुणावलं, पण पठ्ठ्या जागचा हलेना.

पुनम जळगावला रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करते. केळीच्या पानात शिरलेला विषाणू कोणत्या कुळीचा, कुठून आला, ते ती त्याची जनुकं तपासून शोधते. केळीवर पडणाऱ्या हरण्या रोगावरच्या तिच्या शोधनिबंधाचा संदर्भ जगभरातल्या पाचशेहून जास्त निबंधांत घेतला गेला, म्हणून सावद्याजवळच्या आमच्या गावाने मंडप घातला. पाचशे! अहो, माझा तर आनंद पोटात मावत नव्हता.

सरपंचांनी विचारलं, "ताई, संदर्भ घेतला म्हणजे नेमकं काय हो?"

पुनम हसली. "आपण नवी बाग बघितली की पहिलं काय विचारतो? बेणं कोणाचं? तसंच ते. त्यांनी आपापली बाग लावली आणि बेणं पुनमचं, असं सांगितलं."

मंडप हसला, टाळ्या पडल्या. अमृतने मात्र मान खाली घातली.

बेणं हाच तर आमच्या घराचा अभिमान. लावणीसाठी केळीचे कंद मागायला कोणी आलं, तर आमच्याकडे नाही म्हणायची रीत नाही. वडिलांनी पाळली, अमृतनेही पाळली. एका साली कंदातच रोग होता. तो ओळखू आला नाही आणि ह्याने नेहमीसारखे मोकळ्या हाताने वाटले. पुढे बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. लोक तीन-चार ठिकाणचं बेणं मिसळून लावतात, त्यामुळे खोट कोणाच्या बेण्यात होती, ते कोणालाच कळेना.

पुनमने सगळ्या बागांतली पानं नेली, विषाणू ताडून पाहिले आणि माग निघाला तो आमच्याच बागेपर्यंत. पोरगी रडली. निबंध लिहायचाच नाही म्हणाली. तेव्हा अमृतच तिला म्हणाला, "लिही. नाहीतर पुढच्या साली हेच पुन्हा वाटलं जाईल." कंद कोणाकोणाला दिले, तेही त्यानेच आठवून आठवून सांगितलं. फक्त गावात माझं नाव काढू नको, एवढा शब्द घेतला. निबंधात नुसतं 'पहिली बाग' आहे, एवढं गावाच्या कानावर होतं. ती कोणाची, हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

आणि नेमका त्यावरच झुलाल उठला. त्याची अख्खी बाग त्या साली गेली होती.

"ताई, कौतुकच हाये तुमचं. पन ते पहिली बाग कोनाची? जगाले सांगता, आमले काहून नाही?"

"ते मला सांगता येणार नाही, झुलालभाऊ," पुनम म्हणाली.

"म्हंजे नुकसान आमचं, नाव तुमचं, अन् चोराले झाकायचं?"

माझं डोकंच फिरलं. "ए झुलाल, जिभेला काही हाड?" असं ओरडत मी उठलेच. पण मागून कुजबुज वाढायला लागली. कोणीतरी 'खरं हाये त्याचं' असंही म्हणालं. पुनम पांढरीफटक पडली, पण नाव काही घेईना. जगाने नावाजलेली माझी भाची स्वतःच्याच गावात लबाड ठरत होती आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"माही बाग."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अमृत खांबाआडून बाहेर आला आणि खुर्च्यांमधून वाट काढत थेट पुनमच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"खोट माह्या बेन्यात होती, झुलाल. तुले म्या माह्या हातानं देलं ते. पोरगी झाकत नव्हती, माहा शब्द पाळत होती. बापाच्या बागेतला रोग जगापुढं मांडाले काळीज लागते. ते हिच्याजवळ हाये."

झुलालचा राग कुठल्या कुठे गेला. तोच कानकोंडा होऊन म्हणाला, "बस अमृतभाऊ, खाली बस आता."

"नाही बसत!" अमृतचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मले शिव्या देनं आसन त त्या मागून द्या. पहिले माह्या पोरीसाठी टाळ्या वाजवा."