कानिफनाथाचं यकृत आणि आईच्या हातचा काढा

भिंगारात एक होती मनकर्णाबाई, एक तिचा लेक कानिफनाथ, एक सून अश्विनी. आणि लेकाच्या उजव्या बरगड्यांखाली एक होतं मी. मी यकृत बोलतंय. डॉक्टर मला लिव्हर म्हणतात.

या देहात माझ्याइतकं कोणी राबत नाही. खाल्लेलं निवडायचं, विष बाजूला सारायचं, पित्त करायचं. माझा तुकडा कापला तरी मी पुन्हा वाढणार. हृदयासारखा धडधडून गाजावाजा करायची माझी रीत नाही.

कानिफनाथ नागापूरच्या कारखान्यात कायम व्हायचा होता, म्हणून त्याचं रक्त तपासलं. माझे आकडे जरा वर आले. तपासणारा सहज म्हणाला, "दारू कमी करा." ते अश्विनीच्या कानावर गेलं. दारूपायी तिच्या बापाचं घर बसलं होतं. लग्नाआधीच तिनं बजावलं होतं, प्यायलात त्या दिवशी मी माहेरी.

"थेंबाला शिवलो न्हाई मी."

"मग रक्त खोटं बोलतंय व्हय?"

रक्त खरंच बोलत होतं, पण दारूचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. माझ्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातला रस रक्तात पाझरतो, तोच मोजतात. थोडा वाढला म्हणजे मी कुरकुरतंय, कोसळलेलं नाही. कशानं कुरकुरतंय, ते माणसांनी शोधायचं.

मनकर्णाबाईनं शोधलं नाही, उपाय केला. सकाळी गुळवेलीचा काढा ती द्यायचीच, आता संध्याकाळीही पेला भरू लागली. "लिवर धुऊन निघंल," म्हणायची. पुढच्या तपासणीत आकडे आणखी चढले. अश्विनीनं पिशवी भरली.

"नगरच्या डॉक्टरकडं चल. तिथंबी दारूच निघाली, तर मीच तुला माहेरच्या गाडीत बसवून देतो," कानिफनाथ म्हणाला. तिघंही गेली.

डॉक्टर लीनाताईंनी पोट तपासलं, कावीळ नाही ना पाहिलं. मग विचारलं, "घरचं औषध, झाडपाला काही?"

"गुळवेल देते की. दोन येळा. माझ्या हातचा काढा," मनकर्णाबाई मानानं म्हणाली.

"मावशी, गुळवेलीनं काहींचं लिव्हर सुजतं. आधी तो बंद करा, मग परत रक्त बघू."

मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हंजी पाजनारी मीच हुते म्हना."

"आन् मी रोज दारात त्यांचं तोंड हुंगत हुते, आत्याबाई. वास यायचा तो तुमच्या काढ्याचा," अश्विनी म्हणाली, आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

काढा थांबला आणि माझी डागडुजी मीच केली. आकडे जागेवर आले. बाबांनो, माझे आकडे जरा हलले तर घाबरू नका आणि झाकूही नका. दारू, गोळ्या, वाढलेलं वजन, काढा, जे असेल ते डॉक्टरांना सांगा. न विचारता कोणाला दारुडा ठरवू नका.

कानिफनाथ कारखान्यात कायम झाला. त्याच दिवशी अश्विनीनं माहेरी फोन लावला.

"आये, रविवारी येतोय आमी. दोघंबी. पेढे घिऊन."