पृथ्वीच्या आळ्यातलं रोप

नामाजीच्या शेळीनं पृथ्वी खाल्ली, ती नेमकी विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी.

सेनगावजवळच्या त्या गावानं अंतराळ दिनाला शाळेमागच्या गायरानात सूर्यमाला लावली होती. मधोमध सूर्य म्हणून वड, भोवती आठ ग्रहांचे आठ कडुलिंब आणि एकेक ग्रह एकेका लेकराच्या हवाली. नामाजीची नात दिपाली पृथ्वीची धनीण. पोरगी स्वतः जेवायची विसरेल, पण पृथ्वीला पाणी घालायची विसरणार नाही. ज्याचं झाड जगलं, त्याला विज्ञान दिनाला हिंगोलीहून येणाऱ्या दुर्बिणीतून आधी बघायला मिळणार होतं. महिनाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

आणि शेळ्या राखण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस जरा डुलकी काढतो काय, नि शेळी पार बुडख्यापर्यंत फडशा पाडते काय! आसपास कुणी नव्हतं. त्यानं बुडखा उपटून फेकला, शेजारचा मंगळ मातीसकट उकरला आणि पृथ्वीच्या आळ्यात बसवला. मंगळ पुजाऱ्याच्या पोरीचा, जाईचा होता. तिचा चेहरा आठवला तसे त्यानं हात आणखी भराभर चालवले.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव जमला. मंगळाच्या रिकाम्या आळ्यापाशी जाई हुंदके देत होती. पृथ्वीचं रोप मान टाकून उभं. दिपालीनं ते निरखलं, बाजूला पडलेला कुरतडलेला बुडखा उचलला आणि मागं वळून आजोबाकडं पाहिलं. पाहतच राहिली. नामाजी आपला मुंडाशाचं टोक चाचपत बसला.

"हे जाईचं हाये, सर," शेवटी तीच म्हणाली. "माझं शेळीनं खाल्लं. म्हून मी उपटून इथं लावलं."

अनिरुद्ध सरांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. दुर्बिणीतून बघायचं ते सगळ्यांच्या शेवटी, वेळ उरला तर. आता उठावं, आता सांगावं, असं नामाजीला वाटायचं आणि तो पुन्हा मुंडाशाचं टोक चाचपायचा. चारचौघांत अब्रू जाईल म्हणून हा म्हातारा एवढ्याशा पोरीआड लपला होता, आणि लपलोय हे त्याला चांगलं कळत होतं. लाजेनं जीव अर्धा झाला, पण बूड काही जागचं हललं नाही.

घराकडं जाताना त्यानं कसंबसं विचारलं, "काहून खोटं बोललीस गं, बाई?"

दिपालीनं वर पाहिलं नाही.

"तुमी सांगताल म्हून लई येळ थांबले व्हते, आबा."