थोरल्याचा मास्क, धाकट्याचे नाक

मित्रांनो, झोपेत हवा पुरवणाऱ्या मशीनचा मी एक जुना मास्क आहे. दिसायला मी काही देखणा नाही. नाकावर बसणारी सिलिकॉनची मऊ वाटी, डोक्यामागून जाणारे चार पट्टे आणि समोर एक लांब नळी, एवढाच माझा पसारा. आता पट्टे सैल झाले आहेत, कड पिवळी पडली आहे. मला पाहून तुम्हाला हसू येईल. पण माझी गोष्ट हसण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी डोळ्यांत तेल घालून माझी कड तपासली. मग खोक्यात बसून मी एका क्रेनचालकाच्या घरी आलो. वीस मजल्यांच्या उंचीवर, काचेच्या केबिनमध्ये बसून तो सळ्यांचे भारे उचलायचा. त्याचा धाकटा भाऊ त्याच कामावर, पण खाली जमिनीवर. हाताच्या खुणांनी तो थोरल्याला सांगे, उचल, फिरव, थांब. अंगाने थोरल्याच्या दीडपट असूनही घरात त्याला सगळे बारक्या म्हणत.

थोरल्याचा श्वास झोपेत अडकायचा. घोरता घोरता एकदम सारे शांत व्हायचे. त्या शांततेनेच त्याची बायको दचकून उठे आणि मनात आकडे मोजत बसे. वीस, पंचवीस, तीस. मग एकदाचा तो मोठ्याने श्वास घेई आणि तिच्या जिवात जीव येई. दिवसा त्याला बसल्या जागी डुलकी लागे. एकदा तर पाण्याचा पेला हातात धरूनच तो झोपला होता. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला क्रेनवरून उतरवून गोदामातल्या कामाला लावले आणि स्पष्ट सांगितले, "महिनाभर रोज निदान चार तास मास्क लावा, तरच वर चढायचं. मशीनमधलं कार्ड घेऊन या, त्यात सगळं उमटतं."

थोरल्याने मनापासून प्रयत्न केला, हे मला सांगितलेच पाहिजे. तो मला कोमट पाण्याने धुवायचा, पट्टे नीट बसवायचा आणि आरशात पाहून म्हणायचा, "सोंड तेवढी छान आलीय, आता कानच वाढायचे राहिलेत." बायको हसे. पण दिवा मालवला की त्याची छाती धडधडू लागे. हवेच्या दाबाने त्याला उलट गुदमरल्यासारखेच वाटे. कूस बदलली की मी सरकायचो आणि हवा थेट त्याच्या डोळ्यांत शिरायची. कसाबसा डोळा लागे. तासाभराने त्याचा हात वर यायचा. तो झोपेतच मला खेचून काढायचा आणि पलंगाखाली भिरकावून द्यायचा. सकाळी विचारायचा, "हा खाली कसा गेला?" त्याला खरेच काही आठवत नसे. पलंगाखाली पडल्या पडल्या मी वरची ती शांतता ऐकत असे. मला तिची फार भीती वाटे.

दहा दिवस झाले, कार्डात एकही रात्र पुरी भरली नव्हती. त्या संध्याकाळी बारक्याने मला उचलून सहज आपल्या नाकावर ठेवले आणि मी चपखल बसलो. दोघा भावांची नाके एकाच साच्यातली!

"दादा, मी झोपतो की हा लावून. मी एकदा पडलो की सकाळपर्यंत हलत नाही."

"अरे, पण कळलं तर?"

"मशीनला काय तोंड दिसतंय? परवानगी मिळू दे, मग तू शीक सावकाश. तुझ्या जागी आलेला तो नवा क्रेनवाला काही भरवशाचा नाही. त्याच्या हुकाखाली उभं राहायची भीती वाटते मला."

"भावजी, मला हे पटत नाही हं," थोरल्याची बायको म्हणाली. पण तिचे कोण ऐकणार?

महिनाभर बारक्या मला लावून ढाराढूर झोपला. कार्ड भरत गेले. भिंतीपलीकडून थोरल्याचे घोरणे ऐकू यायचे आणि मधेच थांबायचे. ज्याला गरज नव्हती त्याला मी आठ-आठ तास हवा देत होतो.

"शाबास! अडकलेले श्वास जवळजवळ शून्य," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तपासणीसाठी मलाही नेले होते. थोरल्याने मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला. माझ्या आयुष्यातले ते एकमेव कौतुक, आणि मला त्याची लाज वाटली.

मग माझी रवानगी कपाटात झाली. सावकाश शिकायचे कुणाला आठवले नाही. थोरला रोज लाल डोळ्यांनी डबा घेऊन निघे, पाठोपाठ बारक्या शीळ घालत जाई. त्यांची पावले जिन्यावर वाजली की मला एकच प्रश्न पडे. आज कोणत्या उंचीवर याला डुलकी लागेल?

एका सकाळी फोन वाजला. थोरल्याची बायको एकाच पायात चप्पल घालून धावली. तीन दिवस घराला कुलूप होते. चौथ्या दिवशी थोरल्याने कपाट उघडले आणि मला छातीशी धरून तो ढसाढसा रडला.

"बारक्या हात वर करून थांब, थांब म्हणत होता गं," तो बायकोला सांगत होता. "माझे डोळे उघडे होते. तरी मला दिसलंच नाही. भारा सरळ त्याच्यावर आणला मी. तो मागे उडाला, हात तेवढा भाऱ्याखाली सापडला."

मित्रांनो, दुसऱ्याच्या वाटणीची झोप कुणालाच झोपता येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला कपाटात कोंडू नका. ज्याचा श्वास अडकतो, त्याच्याच नाकावर त्याला बसवा. पहिल्या रात्री जमणार नाही, दहाव्या रात्रीही जमणार नाही. कुणीतरी शेजारी जागे राहा.

आता थोरला गोदामातच काम करतो. त्याचा पलंग बाहेरच्या खोलीत हलवला आहे आणि शेजारी सतरंजीवर बारक्या झोपतो. त्याची ती ढाराढूर झोप गेली. थोरल्याचा हात अजूनही झोपेत वर येतो, माझे पट्टे चाचपतो, मला ओढतो. बारक्या लगेच उठतो आणि मला दादाच्या नाकावर पुन्हा नीट दाबून बसवतो. दोन बोटांनी. त्या हाताला तेवढीच उरली आहेत.