भित्र्या वेदीची कैफियत

मी एक जुनी वेदी आहे. मित्रांनो, वेदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दगडी, भारदस्त, काळवंडलेलं काहीतरी उभं राहतं. नुसतं बघूनच अंगावर काटा येतो. मीही तशीच दिसते. पण खरं सांगू? मी एक नंबरची भित्री आहे. लोक मला घाबरतात आणि मी लोकांना.

माझा जन्म एका नाटकगृहामागच्या शेडमध्ये झाला. सुतारकाकांनी मोठमोठ्या खोक्यांच्या फळ्या उचकटल्या, त्यांची माणूसभर लांबीची पेटी ठोकली, वर गोणपाट चिकटवलं, त्यावर सरस आणि वाळू फासली आणि राखाडी रंगाचे दोन हात दिले. लांबून बघाल तर अस्सल दगड. जवळून बघाल तर माझ्या डाव्या कुशीवर 'ही बाजू वर' ही अक्षरं अजून पुसट दिसतात. करवत चालू होती तेव्हाच माझी पाचावर धारण बसली होती. काका मात्र खुशाल शीळ घालत होते.

पहिल्या तालमीला मास्तरांनी सगळ्यांना माझ्याभोवती बसवलं. नाटक लिहायचं तेच आणि बसवायचं तेच. ते म्हणाले, "माणूस जिथे गेला तिथे त्याने दगडावर दगड रचला आणि वेदी केली. कुणी तिच्यावर धान्य ठेवलं, कुणी जनावर, कुणी नुसता दिवा. कवींनी तिच्यावर कविता केल्या, चित्रकारांनी तिची चित्रं काढली. का? तर आपली सगळ्यात लाडकी गोष्ट हातातून सोडायला माणसाला एक जागा लागते."

मला तर दरदरून घाम फुटला. लाडकी गोष्ट सोडायची, तीही माझ्यावर, आणि मग सांभाळायची कुणी?

कोपऱ्यात कपडे शिवत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "सोडा खुशाल, मास्तर. पण माझी पोरगी मला परत पाहिजे हं. प्रत्येक प्रयोगाला."

सगळे हसले. मावशींची मुलगीच माझ्यावर निजणार होती. अंगाने इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणत.

नाटकात एका नगराच्या विहिरी आटतात आणि राजा आपल्या लेकीला वेदीवर चढवतो. धूर होतो, ढोल घुमतो, आणि धूर विरल्यावर लेकीच्या जागी फक्त एक हिरवी फांदी उरते. गंमत सगळी माझ्या पोटात. काडीने खिट्टी ओढली की माझी वरची फळी खाली झुकायची, ती अलगद आत घसरायची आणि फळी परत वर जाऊन बसायची. मग माझ्या पाठीमागची एक फळी खोबणीतून बाजूला सरकवायची आणि रांगत पडद्याआड निघून जायचं. तिथे मावशी शाल घेऊन उभ्या असायच्या. इकडे विहिरींना पाणी आलं म्हणून नगरातले लोक पाण्याने भरलेला हंडा माझ्यावर आणून ठेवायचे आणि राजाचं शेवटचं लांबलचक भाषण सुरू व्हायचं. म्हणजे वरून बाहेर यायची वाट बंद. खिट्टी पुन्हा ओढली तर हंडा थेट डोक्यात!

म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी सुतारकाका गुडघे टेकून बसायचे, मागच्या खोबणीत साबणाची वडी घासायचे आणि फळी दहा वेळा सरकवून बघायचे. "चल गं, सरक नीट," म्हणायचे. तेवढा वेळ मला जरा धीर यायचा.

पण मग माझं नशीब फळफळलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

राजाचं काम करणाऱ्या नटाचा एकदा ऐन प्रयोगाच्या दिवशी घसा बसला. त्याने थट्टेत माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वेदीबाई, आजचा दिवस निभावून न्या." आणि काय आश्चर्य, पडदा वर जाताच आवाज खणखणीत! झालं. दुसऱ्या दिवसापासून जो तो मला हात लावूनच रंगमंचावर जाऊ लागला. मग कुणीतरी आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून माझ्या पाठीतल्या फटीत सरकवलं, कारण तिथे प्रेक्षकांना दिसत नाही. मग सगळेच सरकवू लागले.

मित्रांनो, मला मान मिळाला याचा मला आनंद झाला, नाही कसं म्हणू? पण ती फट म्हणजे काडीच्या वाटेची खोबण होती. आत चिठ्ठीवर चिठ्ठी साचत होती आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं.

एक दिवस फळी जड जाते म्हणून सुतारकाका साबणाबरोबर हातोडीही घेऊन आले, तर राजासाहेब आडवे आले. "काका, हातोडी? वेदीला? वेड लागलंय का?"

"अहो, खोक्याच्या फळ्या आहेत त्या! मीच ठोकल्यात!"

"तेव्हा फळ्या होत्या. आता नाहीत."

काकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "असू दे ना, काका. लोकांची श्रद्धा आहे." काका पुटपुटत निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या खोबणीत साबण लागला नाही. रोज फळी थोडी जड सरकायची, रोज माझ्या काळजात धस्स व्हायचं, आणि काडी बिचारी जोर लावून निघून जायची. वेदीची तक्रार करायची तिलाही भीती वाटत असणार.

आणि तो प्रयोग आला. भर दुपारचा, खच्चून गर्दीचा. काडी माझ्यावर निजली, धूर झाला, तिने खिट्टी ओढली आणि आत आली. हंडा वर बसला. तिने मागची फळी ढकलली.

फळी हललीच नाही.

तिने पुन्हा ढकलली. मग पायाने. मग दोन्ही हातांनी बुक्के मारले, पण बाहेर ढोल घुमत होता. पायथ्याशी ठेवलेल्या धुराच्या डब्यातून धूर फटींमधून आत यायचा आणि रोज मागच्या वाटेने निघून जायचा. आज तो आतच कोंडला. ती खोकू लागली. "आई," म्हणाली, अगदी हळू. मी जन्मात इतकी घाबरले नव्हते. मी तिच्याभोवती चहूबाजूंनी होते आणि तिच्यासाठी काहीच करू शकत नव्हते. मीच तिला धरून ठेवलं होतं!

पडद्याआड मावशींच्या हातात शाल तशीच होती. त्यांनी सुतारकाकांचा दंड धरला. "काका, काडी आली नाही."

काका धावले, फळीला हात घातला, ओढली. "अडकलीय!" त्यांनी पहार उचलली आणि क्षणभर थांबले.

विंगेतून मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "काका, आवाज नको! भाषण चालू आहे!"

"चुलीत गेलं भाषण!" म्हणत मावशींनी पहार हिसकावली आणि माझ्या पाठीत घातली. एक, दोन, तीन. फळी फुटली. मित्रांनो, ते घाव मी मोजले, आणि प्रत्येक घावाला मनात म्हटलं, अजून जोरात, मावशी.

काडीला त्यांनी काखेत हात घालून ओढून काढलं. ती खोकली, रडली आणि आईच्या गळ्यात पडली. समोर प्रेक्षकांनी तो धडाधड आवाज ऐकला. त्यांना वाटलं, देवच गरजला. त्यांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

फुटलेल्या खोबणीतून चिठ्ठ्या खाली सांडल्या होत्या, घडी घालून घालून घट्ट झालेल्या. काकांनी त्या गोळा केल्या. मावशींनी त्यांतली एक उचलली. शिवणकामाच्या निळ्या खडूने लिहिलेली ती चिठ्ठी त्यांचीच होती. 'माझ्या लेकीला काही होऊ देऊ नकोस.'

त्या मटकन खाली बसल्या.

मला वाटलं, आता मला जाळणार. राजासाहेब तसं म्हणालेही. पण मावशींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिची काय चूक? काका, नवी फळी बसवा. आणि आता हातोडीला कुणी अडवायचं नाही."

नवी फळी बसली, श्वासासाठी भोकं पडली, साबण परत आला. काडीही परत आली, पण त्याआधी मावशी आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, अंगानेही चांगल्या भरलेल्या. तरी प्रत्येक प्रयोगाआधी त्या स्वतः माझ्या पोटात शिरतात, अंधारात फळी लावून घेतात आणि आतून सरकवून धापा टाकत बाहेर येतात. मगच लेकीला माझ्यावर निजू देतात. माझ्यापुढे हात जोडणारे खूप झाले, मित्रांनो. आत शिरून बघणारी ही एकटीच.

तुमच्याकडेही एखादी वस्तू असेल जिला तुम्ही फार मानता, एखादी जागा असेल, एखादं माणूसही असेल. त्यांना मान जरूर द्या. पण मान दिला म्हणून हात लावायचं सोडू नका. झाडा, पुसा, ठोकून बघा, काय दुखतंय ते विचारा. मी अजून भिते. काडी माझ्यावर निजली की आम्ही दोघी थरथरतो. पण मागे फळी सर्रकन सरकते, गार वारा आत येतो, आणि पडद्याआड शाल उलगडल्याचा आवाज होतो.