डल्सीची कवळी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, हेडलीला, हार्ट अटॅक आला आणि तेव्हापासून त्यांच्या घरात त्याच्या छातीचंच राज्य सुरू झालं. डल्सीने त्याचं मीठ तोडलं, सिगारेटी चुलीत घातल्या. जेवण झालं की ती त्याला बोटींच्या धक्क्यापर्यंत चालायला हाकलायची. छातीत कळ आली की तोंडात मारायच्या औषधाच्या फवाऱ्यासाठी प्रत्येक शर्टाला आतून खिसा शिवला तिने.

"कांगारू करतेस का माझा?" हेडली चिडायचा.

"मुकाट्याने घाल. मला काळे कपडे शोभत नाहीत."

आता आमच्या न्यूफाउंडलंडात, कॅनडाच्या या बेटावर, रविवारचं जेवण म्हणजे रात्रभर भिजवलेलं खारं मांस आणि त्याच पाण्यात उकडलेले बटाटे, कोबी, सलगम. डल्सी दोन पातेली चढवायची. त्याचं अळणी, तिचं खारं. बादलीभर मांस आधीच आणून ठेवलेलं, फेकायला तिचा जीव होईना.

"तूही बंद कर की," मी म्हणायची.

"मला काय धाड भरलीय? बायकांना कुठे होतं हे!"

बर्फ वितळायला लागलं तेव्हा ती जिन्यात मध्येच थांबायला लागली. मग जबडा दुखायला लागला. आमच्या पिढीत बायकांचे दात तरुणपणीच उपटून टाकायचे, त्यामुळे सगळा दोष कवळीला. "चावते मेली," म्हणून ती कवळी कानशीने घासत बसायची.

"नर्सला दाखव. घाम बघ किती फुटलाय तुला," मी म्हटलं.

"चुलीपुढे घाम येणार नाही तर काय बर्फ पडणार? गुरुवारी हेडलीला न्यायचंय तपासायला, तेव्हा बघू."

मी भांडले. नर्सला फोन लावायला घेतला, तर डल्सीने माझ्या हातातून तो काढून घेतला.

"कवळीसाठी नर्स? हसतील लोक!"

भारी हट्टी, लहानपणापासूनच. गुरुवारी हेडलीचा रक्तदाब अगदी छान निघाला. नर्सने डल्सीची पाठ थोपटली, "हे सगळं तुमचं श्रेय हो!" आणि ही बाई लाजली म्हणे. जबड्याचं अवाक्षर काढलं नाही.

रविवारी कोबी चिरता चिरता ती खाली बसली ती उठलीच नाही. अँब्युलन्स येईपर्यंत हेडली तिची छाती दाबत राहिला. पण गाडी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

नर्स नंतर घरी आली. तिचेही डोळे सुजलेले. म्हणाली, "बायकांचं हृदय कधीकधी असंच सांगतं. जबडा दुखतो, पाठ दुखते, दम लागतो, मळमळतं. छातीत कळ येतेच असं नाही."

मी खिडकीकडे पाहिलं. डल्सीची कवळी तिथे पेल्यात होती. शुक्रवारपासून तिथेच होती, टोचते म्हणून तिने घातलीच नव्हती, तरी जबडा चोळतच होती. मग दोन दिवस जबड्यात दुखत काय होतं? एकाच्याही डोक्यात हे येऊ नये? मी तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. अजूनही रविवारी तिचा भयंकर राग येतो मला, आणि मग तिच्यावाचून करमत नाही.

महिन्याभराने हेडलीकडे भांडी घासत होते. दोन दिवस डावा खांदा भरून आला होता, दमही लागत होता. "आई गं," तोंडातून निघालं. "कपडे वाळत घालताना लचकला वाटतं."

हेडलीने गाडीची किल्ली उचलली.

"अरे, भांडी तरी होऊ देत!"

"राहू देत."

"खांद्यासाठी एवढं धावायचं? हसतील लोक."

त्याने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"हसू देत, मर्टल. पोटभर हसू देत."

मी ओल्या हातांनीच गाडीत जाऊन बसले.