मिस्त्रीची हत्यारं

"चेनपुली? ती मिस्त्रीनं मला देऊनच टाकली होती, वहिनी," मळेवाले म्हणाले. म्हणताना त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

मिस्त्रीला मातीत ठेवून नऊ दिवस झाले होते. त्याची बायको, आमची वहिनी, मळेवाल्यांच्या अंगणात उभी होती आणि शेजारी म्हणून मी तिच्यासोबत.

"देऊन टाकली म्हणजे? तिच्याशिवाय विहिरीतला पंप वर कसा ओढायचा? आमचं पोट होतं तिच्यावर."

"मी कुठं मागितली होती? राहू द्या म्हणाला. देवमाणूस! हातचं राखून देणं त्याला ठाऊकच नव्हतं."

असं ते मातीच्या दिवशी चर्चमध्येही बोलले होते. पाद्रीबाबांनी नुसतं विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का, तर निम्मं गाव उठून उभं राहिलं. बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. मिस्त्री पंप दुरुस्त करायचा. दिसायला बुटका, आणि हात असे काळे की साबणानंही त्यांचा नाद सोडलेला. विहिरीत उतरताना वर बघून म्हणायचा, "बापा, खाली सोडतोयस, तसा वरही घे." रविवारी काम करायचं नाही, हा त्याचा नेम. पण बायबलातच लिहिलंय ना, शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, बैल विहिरीत पडला तर बाहेर काढावा? तेवढ्या एका वचनावर गावानं त्याचे सगळे रविवार खाल्ले.

शेवटचं काम निघालं, त्या दिवशी तो तापानं फणफणला होता. मळेवाल्यांचा निरोप आला, पंप बंद, उभं पीक सुकतंय. वहिनी दारात आडवी आली.

"पीक काय तुमचा ताप उतरेस्तोवर थांबत नाही होय?"

"अगं, पिकाला तोंड असतं का बोलायला?" म्हणत तो तिच्या बाजूनं सटकलाच.

ऐन थंडीत निम्मा दिवस छातीभर पाण्यात उभा होता. पंप सुरू झाला. चौथ्या दिवशी मिस्त्री गेला. मळेवाले चर्चमध्ये रडले ते खोटं नव्हे. मी जवळून पाहिलंय.

चेनपुली मिळाली नाही, म्हणून आम्ही घरोघर हिंडलो. गिरणीवाला म्हणाला, पहार त्यानं कधीचीच परत केली. शाळेतल्या मास्तरांच्या भिंतीला मिस्त्रीची शिडी टेकलेली समोर दिसत होती. "आठवण म्हणून ठेवावी म्हटलं," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. कुणी वहिनीलाच विचारलं, "विकायचीत का हत्यारं?"

"विकायची कशाला? वीस वर्षं विहिरीच्या काठावर दोर धरून बसलेय मी. कुठला नट आधी सोडायचा, ते वरून मीच सांगायचे. आता मी उतरणार."

लोक हसले. दिवस मावळला तेव्हा वहिनीच्या हातात मूठ तुटलेला एक स्क्रूड्रायव्हर होता.

आणि माझ्या गोठ्यात, वैरणीच्या मागं, मिस्त्रीचा मोठा पाईपपाना पडला होता. दोन वर्षांपूर्वी मीच मागून नेलेला. मिस्त्री तो मागायला कधी आलाच नाही. दिवसभर मी वहिनीसोबत हिंडलो, लोकांना दोन शब्द सुनावले, आणि चोराच्या मनात चांदणं, म्हणून आपल्या घराची वाट तेवढी टाळली.

उन्हाळा लागला आणि मळेवाल्यांचा पंप पुन्हा अडकला. तालुक्याचा मेकॅनिक आला, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "पायऱ्या ढासळल्यात. मी नाही बुवा उतरायचा. पंप वर काढून आणा." दोन दिवसांत पानं माना टाकायला लागली. तिसऱ्या दिवशी मळेवाले पायी वहिनीच्या दारात.

"उतरते," वहिनी म्हणाली. "पण आमची हत्यारं आधी विहिरीवर येऊ द्या. एकूण एक."

मळेवाल्यांनी गावभर निरोप धाडला. दुपारपर्यंत काठावर ढीग लागला. शिडी आली, पहार आली, दोरखंड, पाने, चेनपुली. जो तो म्हणायचा, "अडगळीत सापडलं बघा." मीही पाना आणून हळूच ढिगात ठेवला.

वहिनीनं तो उचलून दोन्ही हातांवर तोलला.

"भाऊजी, हा घरात ठेवून माझ्याबरोबर दारोदार हिंडलात? जड नाही गेलं?"

तिनं पदर खोचला, वर बघून काहीतरी पुटपुटली आणि दोराला धरून खाली उतरली. खालून फक्त लोखंडावर लोखंड वाजत होतं. उन्हं कलली तेव्हा पाटात पाणी आलं. वहिनी चिखलानं माखून वर आली, तर मळेवाले हात जोडून उभे.

"वहिनी, चेनपुली इथंच राहू द्या की. पुन्हा लागेलच."

"लागली की बोलवा. माझ्यासकट येईल."

एकेक हत्यार तिनं स्वतः पुसून हातगाड्यावर ठेवलं. गाडा भारी झाला होता, चढावर अडला. मी मागून जोर लावला. तिनं मला अडवलं नाही, वळूनही पाहिलं नाही. घर येईपर्यंत आम्ही दोघं ढकलत राहिलो. दाराशी पोचल्यावर तिनं हत्यारं आत नेली आणि कडी लावली.

पंप बिघडला की आता मीही तिला बोलावतो. ती येते, काम चोख करते. पण भाऊजी म्हणून तिनं मला पुन्हा हाक मारलेली नाही.